श्री. कोपरे यांची बदली

वजनमापे खात्याच्या हेडक्लार्कांनी आपल्या नोकरीत शेकडो बदल्या केल्या. कुणाला डोंगरात धाडलं, कुणाला किनाऱ्यावर, आणि त्यापायी त्यांची झोप कधी उडाली नाही. पण एका बदलीनं मात्र त्यांच्या नाकी नऊ आणले. ती ज्याची झाली तो मुळात होता की नव्हता, यावर त्यांच्या घरात अजून एकमत नाही.

त्याचं नाव कोपऱ्या. हेडक्लार्कांच्या मुलीचा तो मित्र. मुलीला घरात आणि जिन्यात सगळे छोटी म्हणत. बाहेरच्या खोलीत पुस्तकांचं कपाट आणि भिंत यांच्यामध्ये जी खुर्ची होती, तिच्यावर तो बसायचा, म्हणून कोपऱ्या. दिसायचा फक्त छोटीला. तिच्या सांगण्यावरून एवढं कळलं होतं की तो बुटका आहे, त्याला खिडकीतून खाली बघितलं की गरगरतं, आणि त्याच्या डाव्या बुटाची नाडी कायम सुटलेली असते. स्वभावानं गरीब. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

छोटीच्या आईनं हा विषय केव्हाच सोडून दिला होता. एकुलती एक पोर, शेजारीपाजारी तिच्या वयाचं कुणी नाही, असेल एखादा कोपऱ्या, बिघडलं कुठं? ती केर काढताना त्या खुर्चीपाशी आली की 'पाय वर घे रे' म्हणायची आणि पुढे जायची. हेडक्लार्कांना मात्र हे पटत नसे. वजनमापे खातं म्हणजे गंमत नव्हे. दुकानदाराच्या तराजूचा काटा केसभर हलला तरी त्याला घाम फोडणारं खातं. अशा खात्यात हयात घालवलेल्या माणसाच्या घरात वजनच नसलेला इसम राहतो, ही काही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नव्हती.

तरीही त्यांनी ती पोटात घातली असती. पण एका रविवारी दुपारी साहेब घरी चहाला आले.

आता साहेब घरी येणार म्हणजे काय असतं, हे ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना सांगायला नको. सोफ्यावर नवी चादर घातली होती, पंखा पुसला होता, हेडक्लार्क सकाळपासून इस्त्रीच्या शर्टात ताठ बसून होते. साहेब आले, त्यांनी खोलीभर नजर फिरवली, सोफा सोडला आणि नेमके कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले. छोटी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, तुम्ही त्याच्या मांडीवर बसलाय," ती म्हणाली.

"कुणाच्या, बाळ?"

"कोपऱ्याच्या. तो स्वतः सांगणार नाही. भिडस्त आहे."

साहेब उठले. हेडक्लार्कांनी घाईघाईनं सोफा पुढे केला, म्हणजे सोफ्याकडे हात पुढे केला. साहेब टेकणार तेवढ्यात छोटीनं श्वास रोखला. "तुम्ही उठवलंत म्हणून तो तिकडे जाऊन बसला," ती म्हणाली. साहेब वेताच्या खुर्चीकडे वळले. छोटीनं पुन्हा श्वास रोखला. शेवटी साहेबांनी उभ्यानं चहा घेतला, उभ्यानं बिस्किट खाल्लं, उभ्यानंच पुस्तकांच्या कपाटाचं कौतुक केलं आणि "बराय, निघतो" म्हणून ते गेले. ते एका शब्दानं वाईट बोलले नाहीत. त्यामुळे तर हेडक्लार्कांचे कान जास्तच तापले. साहेब ओरडले असते तर माणसाला मान खाली घालून उभं तरी राहता आलं असतं.

ही बातमी जिन्यातून वर-खाली व्हायला वेळ लागला नाही. संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक सल्ला घेऊन खाली आले. म्हणजे सल्ला द्यायला आले, पण त्यांच्या चेहऱ्यावरून तो त्यांनी कुठून तरी नुकताच आणलाय असं वाटत होतं. त्यांचं म्हणणं, वर्गात एक दांडगट पोरगा असेल तर त्याच्या शेजारी दुसरा दांडगट बसवावा. "तिला सांगा, अजून एक मित्र आलाय. जरा भांडकुदळ. दोघं आपसात भांडतील आणि दोघंही निघून जातील."

"आणि नाही गेले तर?" छोटीच्या आईनं विचारलं.

"मग तिसरा आणायचा," मुख्याध्यापक म्हणाले. शिक्षणक्षेत्रात त्यांनी बरंच कार्य केलेलं होतं.

समोरच्या घरातल्या डॉक्टरीणबाई साखरेच्या बारीक गोळ्यांची औषधं देत. त्यांनी एक डबी आणून दिली. गोळ्या छोटीला द्यायच्या की कोपऱ्याला, असं हेडक्लार्कांनी जरा कुत्सितपणे विचारलं. बाईंनी ते मनावर घेतलं नाही. "दोघांनाही द्या. त्याला थोड्या कमी," त्या म्हणाल्या.

त्यात भर म्हणून शाळेतून निरोप आला तो वेगळाच. छोटी वर्गात आपल्या शेजारची जागा कुणाला देत नाही, तिथं कोपऱ्या बसतो म्हणते, आणि त्यामुळे तिला एकही मैत्रीण नाही. हे ऐकल्यावर मात्र हेडक्लार्कांना खरंच काळजी वाटली. साहेबांची गोष्ट मानाची होती, ही पोरीची होती. आणि काळजी वाटली की माणूस आपल्याला जे येतं तेच करतो. सुतार असता तर त्यानं काहीतरी ठोकलं असतं. हेडक्लार्क आस्थापना शाखेत, म्हणजे नेमणुका आणि बदल्यांच्या शाखेत होते. ज्याच्याशी भांडता येत नाही, ज्याला काढता येत नाही आणि ज्याला ठेवून घेववत नाही, त्याचं काय करायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रात्रीच्या जेवणाला बसताना त्यांनी घसा साफ केला. "छोटी, कोपऱ्याची बदली झाली आहे."

छोटीचा घास हातातच राहिला. "कुठे?"

हेडक्लार्कांनी खात्यातल्या सर्वांत लांबच्या उपकार्यालयाचं नाव घेतलं. इथं त्यांचा हिशेब साफ चुकला. त्या उपकार्यालयाबद्दल ते स्वतःच रोज जेवताना काय काय सांगत, ते छोटीनं वर्षानुवर्षं ऐकलं होतं. तिकडे रस्ता धड नाही, माणूस नाही, तिकडे कुणी आपणहून जात नाही, कुणी मोठी चूक केली की साहेब त्याला तिकडे धाडतात, आणि एकदा झालेली बदली रद्द होत नाही, निदान माझ्या हातून तरी नाही, वगैरे.

"त्यानं काय चूक केली?" छोटीनं विचारलं.

"चूक काही नाही गं. प्रशासकीय कारण."

"म्हणजे काय?"

हेडक्लार्कांनी बायकोकडे बघितलं. बायको आमटी वाढण्यात गढून गेली होती. "म्हणजे कारण आहे, पण सांगत नाहीत," ते म्हणाले.

छोटी रडली नाही. ती शेवटी त्यांचीच मुलगी. हातातला घास ताटात ठेवून तिनं विचारलं, "आदेश कुठाय?"

तेव्हा आदेश काढणं आलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत हेडक्लार्कांनी तो स्वतः टाइप केला. कोपऱ्या हे नाव सरकारी कागदावर बरं दिसेना, म्हणून श्री. कोपरे केलं. हाताला सवय अशी की खाली 'प्रत माहितीसाठी, उपकार्यालय' हेही आपोआप उमटलं. तेवढ्यात त्यांना कुणीतरी हाक मारली, ते उठून गेले, आणि शिपायानं टेबलावरचे सगळे कागद गोळा करून सहीच्या फोल्डरमध्ये घातले. साहेब फोल्डरमधले कागद वाचत नसत, सही करत. संध्याकाळी आदेश परत आला तो साहेबांच्या सहीनिशी. हेडक्लार्कांनी सही दोनदा बघितली. मग त्यांनी मनाची समजूत घातली की पोरीला दाखवायचं तर सही असलेली बरी. त्यांच्या हातात आली ती एक प्रत. दुसरी कुठे गेली, हा विचार त्यांच्या डोक्यात आला नाही. येता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

छोटीनं आदेश वाचून घेतला आणि निरोप समारंभ कधी, असं विचारलं. समारंभ झाला. मुख्याध्यापकांनी भाषण केलं. सुरुवात त्यांनी हेडक्लार्कांच्या भिडेखातर केली, पण 'आज आपल्यातून एक शांत, निगर्वी सहकारी जात आहे' या वाक्याला त्यांचा स्वतःचाच आवाज दाटून आला आणि त्यांना पाणी द्यावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी प्रवासासाठी गोळ्यांची डबी दिली. छोटीच्या आईनं कोपऱ्यातल्या खुर्चीला "सांभाळून राहा, बाबा" म्हटलं, आणि ते तिनं इतक्या साधेपणानं म्हटलं की हेडक्लार्कांना क्षणभर आपण काहीतरी वाईट करतोय असं वाटून गेलं.

मग बसस्टँड. तिथं आपल्या प्रतिष्ठेचे जे धिंडवडे निघाले, त्याबद्दल हेडक्लार्क आजही फार बोलत नाहीत. छोटीच्या सांगण्यावरून त्यांनी एका सीटवर रुमाल टाकून जागा धरली. एक धिप्पाड बाई तिथं बसायला आल्या. "इथं माणूस आहे," हेडक्लार्क म्हणाले. "कुठाय?" बाई म्हणाल्या. "येतोय," हेडक्लार्क म्हणाले. कंडक्टरनं विचारलं, तुम्ही जाणार की नाही जाणार. हेडक्लार्क म्हणाले, मी नाही, ते. कंडक्टरनं रिकाम्या सीटकडे बघितलं, मग हेडक्लार्कांकडे बघितलं, आणि समजूतदारपणे त्यांच्या दंडाला धरून त्यांना खाली उतरवलं. बस सुटली. छोटीनं हात हलवला, पण तो त्या खिडकीकडे बघून नाही, ड्रायव्हरकडे बघून. हेडक्लार्कांना वाटलं, पोरीला बघवत नसेल.

त्यानंतर घरात शांतता झाली. शाळेतून कळलं की छोटीनं शेजारची जागा दुसऱ्या मुलीला दिली आहे. हेडक्लार्कांनी जिन्यात मुख्याध्यापकांना थांबवून आपली ही युक्ती पुन्हा पहिल्यापासून सांगितली. छोटी आता हट्ट करत नव्हती. दूध मागायच्या आत पिऊन टाकत होती, बूट जागेवर ठेवत होती, हाक मारली की पहिल्या हाकेला 'हो बाबा' म्हणून समोर उभी राहत होती. फक्त उरलेला सगळा वेळ ती आतल्या खोलीत दार लोटून कपड्यांच्या कपाटापाशी बसायची. मुलगी सुधारली, असं हेडक्लार्क म्हणायचे. छोटीची आई त्या लोटलेल्या दाराकडे बघायची.

एका सकाळी हेडक्लार्क दाढी करत असताना छोटीची आई मोरीच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात छोटीची लहान पेटी होती.

"ही तिच्या पलंगाखाली सापडली. यात काय आहे बघा."

पेटीत दोन फ्रॉक होते, दात घासायचा ब्रश, रंगाचे खडू आणि आईचा एक जुना रुमाल.

"कुठे निघालीय ही?"

"मी तेच विचारलं. म्हणाली, आपण तयारीत असलेलं बरं. चूक झाली की बदली होते, माझीही केव्हाही होईल." तिनं पेटीचं झाकण लावलं. "अहो, ती सुधारलेली नाही. ती घाबरलीय. त्या दिवशी तिच्या हातून कप फुटला तर तिनं तुकडे दप्तरात लपवून शाळेत नेले."

हेडक्लार्कांच्या अर्ध्या गालाला साबण तसाच वाळत राहिला. पोरगी आपल्याला घाबरते, ही गोष्ट त्यांना आजवर कुणी सांगितली असती तर ते हसले असते. खात्यात लोक त्यांना घाबरत, ते त्यांना आवडायचंही. पण घरात? ते तसेच साबणासकट आतल्या खोलीत गेले. छोटी कपाटाला टेकून बसली होती, ती चटकन उठून उभी राहिली.

"अगं वेडे, तुझी कशी होईल बदली?"

"कोपऱ्यालाही असंच वाटायचं," छोटी म्हणाली.

हेडक्लार्क म्हणाले, कोपऱ्याची बदली रद्द. छोटी म्हणाली, बदली रद्द होत नाही, तूच म्हणतोस. हेडक्लार्क म्हणाले, होते. छोटीनं मान हलवली, पण ती नुसती आज्ञाधारकपणे हलवली, आणि ते बघून त्यांना आणखीनच वाईट वाटलं. तेव्हा त्यांनी ठरवलं की आता तोंडी समजूत कामाची नाही. पोरीला बरोबर घ्यायचं, उपकार्यालयात जायचं आणि तिच्या डोळ्यांसमोर कोपऱ्याला परत आणायचं. गेलेला माणूस परत येतो, हे तिला दिसलं पाहिजे.

त्याच दिवशी ऑफिसात साहेबांनी बोलावलं.

"हे श्री. कोपरे कोण?" साहेबांनी विचारलं. त्यांच्यासमोर एक कागद होता. "उपकार्यालयातून आलंय. रुजू झाले म्हणतात."

हेडक्लार्कांनी कागद हातात घेऊन वाचला. दुसरी प्रत कुठे गेली ते त्यांना आत्ता कळलं. जावक कारकुनानं ती टपालात टाकली होती, कारण टपालात टाकणं हे त्याचं काम होतं. पण त्याहून मोठा प्रश्न असा की रुजू कोण झालं? उपकार्यालयात एकटे एक लिपिक होते, सरळ माणूस, आजवर खोटा कागद पाठवलेला नाही. हेडक्लार्कांना दुसरं काही सुचेना, तेव्हा त्यांनी खरं ते सांगून टाकलं. खुर्चीपासून पेटीपर्यंत सगळं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते बराच वेळ पेन उघडत आणि मिटत राहिले.

"रद्द करायची तर कारण लागेल," ते म्हणाले.

"कौटुंबिक अडचण लिहू या, साहेब."

"त्यांची?"

"माझी."

साहेबांनी सही केली. या वेळी त्यांनी कागद वाचला. हेडक्लार्क दारापर्यंत गेल्यावर साहेब मागून हळूच म्हणाले, "त्या दिवशी ती खुर्ची मला जरा ऊबदार लागली होती. मी म्हटलं, ऊन येत असेल." कोपऱ्यातल्या त्या खुर्चीवर ऊन कधीच येत नाही, हे हेडक्लार्कांनी साहेबांना सांगितलं नाही. तेवढा विवेक त्यांच्यात होता.

सुटीच्या दिवशी बापलेक बसनं निघाले. आपण कोपऱ्याला आणायला चाललोय म्हणून छोटी हरखेल, असं हेडक्लार्कांना वाटलं होतं, पण ती जास्तच घाबरल्यासारखी दिसत होती. पाचदहा मैलांनी ती एकदा विचारायची, "आणि तो तिथं नसला तर?" हेडक्लार्क म्हणायचे, "असेल. कागद आलाय."

उपकार्यालय म्हणजे एक खोली. अंगणात पोती तोलायचा मोठा जमिनीवरचा काटा, आत फळीवर ओळीनं लावलेली पितळी वजनं, आणि ती अशी लखलखीत घासलेली की त्यांत तोंड दिसावं. लिपिक सुटीच्या दिवशीही तिथंच होते, कारण त्यांची राहायची खोली त्याला लागूनच होती. किडकिडीत, केस पांढरे, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मुख्य कार्यालयातून माणूस आलेला बघून त्यांची धावपळ उडाली.

"कोपरेसाहेबांसाठी आलात?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघताच ते बोलत सुटले. "फार चांगला माणूस दिलात हो. आदेश आला त्या दिवशी मी दुसरी खुर्ची पुसून ठेवली. म्हटलं, कुणी येवो न येवो, आपली तयारी हवी. संध्याकाळी बघतो तर आलेले. बोलत नाहीत, पण ऐकतात. माझ्या आधीचे जोडीदार निवृत्त झाले, जागा काही भरली नाही, तेव्हापासून इथं मी मोठ्यानं बोललोच नव्हतो. उंच आहेत, दारातून वाकून येतात. दिवसभर त्या खिडकीत बसून बाहेर बघतात. एकदा खोकले की मी समजतो, चहाची वेळ झाली."

हेडक्लार्क मनात म्हणाले, आमचा तर बुटका होता. पण बदलीच्या गावी माणूस सुधारतो, अशी उदाहरणं खात्यात होती, म्हणून त्यांनी त्याचा विचार केला नाही. त्यांनी छोटीकडे बघितलं. ती खिडकीतल्या रिकाम्या खुर्चीपासून हातभर अंतरावर उभी होती आणि टक लावून बघत होती. मग ती एक पाऊल मागे सरली.

"बसा, बसा," ती खुर्चीला अदबीनं म्हणाली. "उठू नका."

लिपिकांनी चहा केला. छोटीला दूध दिलं, आणि एक कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. छोटीनं पेला दोन्ही हातांत धरून त्यांना विचारलं, "काका, तुमची काय चूक झाली होती?"

"कसली चूक, बाळ?"

"इकडे चूक झालेल्यांनाच पाठवतात ना?"

हेडक्लार्कांना जमीन दुभंगावी असं वाटलं. लिपिक मात्र हसले. "मी मागून घेतली ही बदली. खरंच. मला गर्दी सोसत नाही. इथं सकाळी पाखरं असतात, काट्यावर पोत्यांच्या गाड्या येतात, दिवस छान जातो. फक्त संध्याकाळ जरा लांबते. म्हणजे, लांबायची."

आता बोलणं भागच होतं. हेडक्लार्कांनी खिशातून रद्द केल्याचा आदेश काढला आणि टेबलावर ठेवला. लिपिकांनी तो वाचला, नीट घडी घालून परत दिला. "अर्थात. खात्याचा माणूस आहे, मी अडवणारा कोण?" एवढं बोलून ते फळीकडे वळले आणि एक स्वच्छच असलेलं वजन पुन्हा पुसायला लागले. बराच वेळ पुसत राहिले.

छोटीनं बापाची बाही ओढली. "यांना इथंच राहू दे."

"अगं, पण आपण न्यायला आलोय ना?" हेडक्लार्क कुजबुजले. "मी साहेबांची सही आणलीय."

"राहू दे ना, बाबा. काका एकटे आहेत."

एवढा लांबचा प्रवास, साहेबांसमोर झालेली शोभा, आणि आता रिकाम्या हातानं परत. पण हेडक्लार्कांनी त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघितलं आणि आदेश फाडून खिशात टाकला. "श्री. कोपरे इथंच राहतील," ते म्हणाले, जरा जास्तच सरकारी आवाजात. लिपिकांनी तोंड वळवलं नाही, पण वजन पुसणारा हात थांबला. निघताना हेडक्लार्कांनी शिष्टाचार म्हणून कप गोळा केले. कट्ट्यावरचा कप रिकामा होता. त्यांनी तो उपडा करून बघितला, खिडकीबाहेर वाकून बघितलं, आणि मग बाकीच्या कपांबरोबर ठेवून दिला.

परतीच्या बसमध्ये हेडक्लार्क खचून बसले होते. दाखवायचं होतं की गेलेला परत येतो, आणि परत तर कुणीच आलं नाही. आता पोरीला काय सांगायचं? इकडचा तिकडचा विषय काढून बघितला, जमलं नाही. शेवटी त्यांनी सरळ सांगून टाकलं.

"छोटी, ऐक. बदली ऑफिसात असते. घरात नसते. तू काहीही केलंस तरी तुला कुणी कुठे पाठवणार नाही. मी तर नाहीच नाही. मी ती पेटी बघितली आणि मला रडू आलं."

छोटीनं त्यांच्याकडे निरखून बघितलं. "काहीही केलं तरी?"

"काहीही."

छोटी सीटवर जरा पुढे सरकली. मग म्हणाली, "तुझा चष्मा हरवला होता ना, तो मी लपवला होता."

"असू दे."

"वरच्या आजोबांची बेल वाजवून मी पळायचे."

मुख्याध्यापक त्यासाठी वायरमनला दोनदा बोलावून बसले होते. "असू दे," हेडक्लार्क म्हणाले.

"डॉक्टरकाकूंच्या सगळ्या गोळ्या मीच खाल्ल्या. त्याच्या वाट्याच्या पण."

"असू दे."

"तुझ्या ऑफिसच्या फाइलवर मी बदक काढलंय. आतल्या पानावर. रंगीत."

"कुठल्या फाइलवर?"

"त्या जाड्या, लाल फितीच्या."

ती फाइल साहेबांच्याही साहेबांकडे गेली होती. दोन झाडं मागे गेली, एक पूल मागे गेला, तेव्हा कुठे हेडक्लार्क म्हणाले, "असू दे."

छोटी आता त्यांच्याकडे पूर्ण वळून बसली. तिचे डोळे त्यांच्या चेहऱ्यावरून हलत नव्हते. "आणि बाबा, कोपऱ्या गेलाच नाही."

"म्हणजे?"

"मी त्याला बसमध्ये बसवलंच नव्हतं. आदेश मोडला मी. तो कपड्यांच्या कपाटात आहे, आईच्या शालींच्या मागे. मी त्याला सांगितलं होतं, आवाज करू नकोस."

हेडक्लार्कांना आता सगळं दिसलं, ते लोटलेलं दार, कपाटाला टेकून बसलेली पोर, पहिल्या हाकेला उठून उभं राहणं. इतके दिवस ही एवढीशी मुलगी एका माणसाला बापापासून लपवून बसली होती. आणि मग त्यांना उपकार्यालयातली ती खिडकीतली खुर्ची आठवली.

"मग तिथं खिडकीत कोण होतं?"

"मला काय माहीत," छोटी म्हणाली. "मी ओळखत नाही त्यांना."

"अगं, मग नाव तरी विचारायचंस."

"पहिल्याच भेटीत कसं विचारणार?"

हेही खरंच होतं. आपण नक्की कुणाला रुजू करून घेतलं, याचा हेडक्लार्कांनी थोडा वेळ विचार केला आणि मग तो सोडून दिला, कारण छोटी अजून त्यांच्या उत्तराची वाट बघत होती. ते अजून 'असू दे' म्हणाले नव्हते.

"तो कपाटात रडतो का?" त्यांनी विचारलं.

"कधी कधी. त्याला वाटतं, तू शोधून काढशील आणि खरंच पाठवशील. मी त्याला सांगते, बाबा शोधू शकत नाही, बाबाला तू दिसत नाहीस."

हेडक्लार्कांनी तिचा हात आपल्या हातात घेतला. "घरी गेलो की कपाट तू उघड. मला त्याची माफी मागायचीय."

"आणि तुला तो दिसला नाही तर?"

"दिसला नाही तरी मागीन."

छोटीनं यावर बराच विचार केला, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर तो जुना, हुकूम सोडायचा भाव आला. "ठीक आहे," ती म्हणाली. "पण उभं कुठे राहायचं ते मी सांगेन. नाहीतर तू त्याच्याच पायावर पाय देशील."